इलेक्ट्रिक पंखा की इंजिनवरचा पंखा? ऑफ-रोड गाडीसाठी निवड कशी करायची

फोर बाय फोर गाडीत बदल करायला घेतले की एक सल्ला हमखास कानावर पडतो: इंजिनवरचा तो जुना पंखा काढा, इलेक्ट्रिक बसवा, ताकद वाढेल आणि इंधनही वाचेल. डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या गाडीपुरतं त्यात बरंच तथ्य आहे. वाळूतून, चिखलातून, दगडांवरून आणि पाण्यातून जाणाऱ्या गाडीचं गणित मात्र वेगळं असतं. तिथे रेडिएटरमधून हवा ओढणारा हा पंखा कमी पडला तर इंजिन तापून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्या मधलं सील, जाऊ शकतं, आणि तेही मदत सहज पोहोचणार नाही अशा जागी.

ही निवड करताना मला एक प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो. तुमचं इंजिन सर्वांत जास्त उष्णता तयार करत असतं आणि गाडी मात्र जेमतेम सरकत असते, त्या वेळी इंजिनाचे फेरे (ते मिनिटाला किती वेळा फिरतं) किती असतात? फेरे भरपूर असतील तर इंजिनवरचा पंखा तुमच्या बाजूने असतो. फेरे कमी असतील तर इलेक्ट्रिक पंख्याचा विचार करायला जागा आहे. ताकद, इंधन, आवाज हे सगळे मुद्दे त्यानंतरचे.

किती हवा लागते

इंधन जळून मिळणाऱ्या ऊर्जेचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग प्रत्यक्ष कामी येतो. तेवढाच एक्झॉस्टमधून निघून जातो आणि उरलेला बराचसा कूलंटमार्गे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवामार्गे, रेडिएटरकडे येतो. म्हणजे चढावर इंजिन 40 किलोवॅट, अर्थात सुमारे 54 अश्वशक्ती देत असेल, तर जवळपास तेवढीच उष्णता रेडिएटरला हवेत सोडावी लागते.

रेडिएटरमधून जाताना हवा 40 अंशांनी तापते असं धरू. मग ही 40 किलोवॅट उष्णता उचलायला सेकंदाला साधारण एक किलो हवा लागते. आकारमानात ती मिनिटाला 50 घनमीटरपेक्षा जास्त भरते. पंख्यांची क्षमता सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा या मापात सांगतात. त्या हिशोबाने हे 1800 ते 1900 सीएफएम झाले. आणि ही हवा रेडिएटरच्या दाट जाळीतून खरोखर आरपार गेलेली हवी.

बाहेरचं तापमान वाढलं की काम आणखी अवघड होतं. कूलंट 100 अंशांवर आणि बाहेरची हवा 20 अंशांवर असेल तर दोघांत 80 अंशांचा फरक असतो. हवा 40 अंशांवर गेली की फरक 60 उरतो, म्हणजे त्याच रेडिएटरची उष्णता सोडण्याची ताकद सुमारे एक चतुर्थांशाने घटते. उंचीवर हवा विरळ होते. समुद्रसपाटीपासून 3000 मीटरवर तिची घनता खालच्या तुलनेत साधारण तीन चतुर्थांश असते. पंखा तितकेच घनफूट ओढतो, पण त्या घनफुटांत हवाच कमी असते. रेडिएटरच्या झाकणामुळे कूलंटवर दाब राहतो आणि त्याचा उकळबिंदू वर जातो, पण हा दाब बाहेरच्या हवेच्या दाबात भर घालतो. बाहेरचा दाब कमी असला की उकळबिंदूही खाली येतो.

गाडी ताशी 50-60 किलोमीटरच्या पुढे गेली की समोरून येणारी हवा बहुतेक गाड्यांना पुरते आणि पंख्याचं महत्त्व संपतं. यातून निदानाची एक सोपी रीत मिळते. गाडी हळू चालताना तापत असेल आणि वेग घेतल्यावर काटा खाली येत असेल, तर पंखा, श्राउड (पंख्याभोवतीचं कडं) किंवा हवेची वाट यांत दोष शोधा. वेगात, जोर लावताना तापत असेल तर पंखा बदलून काही साधणार नाही. रेडिएटर आतून चोंदलेला असेल, थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर त्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) अडकला असेल, वॉटर पंप झिजला असेल, खालचा होज आत ओढला जाऊन चपटा होत असेल किंवा हेड गॅस्केट गळत असेल. पंखा बदलण्याआधी एवढं तपासून घ्या. चुकीच्या निदानावर बसवलेला नवा पंखा मूळ दोष काही काळ झाकतो आणि तो दोष पुढे मोठा होऊन समोर येतो.

इंजिनवरचा पंखा

यातला सर्वांत साधा प्रकार म्हणजे वॉटर पंपाच्या शाफ्टवर थेट बोल्टने आवळलेला पंखा. इंजिन फिरतं तोवर तोही फिरतो. बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नसतं, पण थंडीत इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, आवाज फार होतो आणि जास्त फेऱ्यांवर तो बरीच शक्ती खातो. पातळ, वाकणाऱ्या पात्यांचा फ्लेक्स पंखाही मिळतो. फेरे वाढले की त्याची पाती सपाट होतात आणि भार कमी होतो. पण वारंवार वाकून धातू थकतो आणि पात्याला तडा जाऊ शकतो. खडबडीत वाटेवरच्या गाडीत मी तो सुचवणार नाही.

खरी स्पर्धा इलेक्ट्रिक पंखा आणि व्हिस्कस क्लचचा पंखा यांच्यात आहे. व्हिस्कस क्लच म्हणजे पंखा आणि शाफ्ट यांच्या मधला एक बंद डबा. त्यात एकमेकींत बसणारी, खाचा असलेली दोन चाकं असतात, पण ती एकमेकींना टेकत नाहीत. मधल्या फटीत घट्ट सिलिकॉन तेल आलं की एक चाक दुसऱ्याला ओढून नेतं. दोन ताटल्यांच्या मध्ये मध घालून वरची फिरवली तर खालचीही फिरू लागते, तसं. तेल फटीतून निघून राखीव कप्प्यात गेलं की ओढ सुटते. हे तेल केव्हा आत सोडायचं ते डब्याच्या तोंडावरची द्विधातूची स्प्रिंग ठरवते. रेडिएटरमधून येणारी हवा साधारण 70 अंशांच्या आसपास तापली की ती वळते आणि झडप उघडते. नेमका आकडा गाडीनुसार बदलतो. ओढ सुटलेली असताना पंखा शाफ्टच्या वेगाच्या 20-30 टक्क्यांनी फिरत राहतो, पूर्ण ओढ लागली की 70 ते 90 टक्क्यांपर्यंत जातो.

थंड इंजिन सुरू केल्यावर पहिलं एखादं मिनिट पंखा जोरात घोंघावतो. गाडी उभी असताना तेल फटीत साठलेलं असतं, म्हणून तसं होतं, आणि ते निरोगी क्लचचं लक्षण आहे. गरम इंजिनाला ओझं असतानाही तो कधीच घोंघावत नसेल, तेव्हा शंका घ्या.

या व्यवस्थेत मला सर्वांत आवडतं ते असं की तिला ना वायर लागते, ना सेन्सर, ना बॅटरी. उष्णता वाढली की पंखा स्वतःहून जोर धरतो. क्लच मरतो तोही बहुधा हळूहळू. कडेने तेलाचे ओघळ दिसू लागतात, बेअरिंगला खेळ येतो, काटा नेहमीपेक्षा थोडा वर राहू लागतो. बघणाऱ्याला सूचना आधी मिळते. तपासणीही घरी जमते: गरम इंजिन बंद केल्यावर पंखा हाताने फिरवला तर ठोस विरोध जाणवला पाहिजे. झटका दिल्यावर तो कितीतरी वेळा मोकळा फिरत राहिला तर क्लच संपला आहे.

इलेक्ट्रिक पंखा

इथे मोटर पंखा फिरवते आणि इंजिनाचे फेरे किती आहेत याच्याशी तिला देणंघेणं नसतं. गाडी उभी असो, इंजिन 750 फेऱ्यांवर असो, पंखा पूर्ण जोराने चालतो. वाहतुकीत अडकलेल्या, एसी चालू असलेल्या गाडीसाठी हे वरदान आहे. गरज नसेल तेव्हा तो बंद राहतो, इंजिन लवकर कामाच्या तापमानावर येतं, आणि पाण्यात शिरताना चालक तो मुद्दाम बंद करू शकतो.

छोट्या मोटारींमध्ये सगळीकडे इलेक्ट्रिक पंखाच दिसतो, म्हणजे तोच श्रेष्ठ असणार, असा एक समज आहे. त्या गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं. शाफ्टचं टोक रेडिएटरकडे नसून चाकाकडे असतं, त्यामुळे इंजिनवर पंखा लावणं सोयीचं नसतं. तिथली निवड प्रामुख्याने रचनेने केलेली आहे.

"मोफत ताकद मिळते" या दाव्याकडेही नीट पाहू. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे दुप्पट, तर शक्ती आठपट. म्हणून थेट आवळलेला पंखा जास्त फेऱ्यांवर खरोखर कित्येक अश्वशक्ती खातो. व्हिस्कस क्लच मात्र गरज नसताना सुटतो, आणि फेरे फार वाढले की अधिक घसरतो, त्यामुळे इतका तोटा होत नाही. आता इलेक्ट्रिकचा हिशोब. 30 अँपिअर घेणारा पंखा 13.5 व्होल्टवर सुमारे 400 वॅट वापरतो. अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या वीज जनित्राची, कार्यक्षमता 55-60 टक्के धरली तर इंजिनाला त्यासाठी 700 वॅटच्या आसपास, म्हणजे जवळजवळ एक अश्वशक्ती द्यावी लागते. पंखा चालतो तेव्हा ऊर्जा पट्ट्यातून अल्टरनेटरकडे, तिथून तारेतून मोटरकडे आणि मग पात्यांकडे जाते. प्रत्येक टप्प्यावर थोडी गळते. बचत होते ती पंखा बंद असतो तेव्हा. हायवेवर तो बहुतेक वेळ बंद असतो. तापलेल्या वाळूत तो अखंड चालू राहतो आणि बचतीचा प्रश्नच उरत नाही.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट उघड होते. एका इलेक्ट्रिक पंख्याकडे 400 वॅट असतात. मोठ्या व्हिस्कस पंख्याला ओझ्याखाली इंजिनाकडून त्याच्या कितीतरी पट शक्ती मिळू शकते. "फुकट गेलेली" म्हणून दोष दिली जाणारी ही शक्ती दाट रेडिएटरमधून हवा खेचायला खर्च होत असते. एखाद्या पंख्याच्या खोक्यावर 3000 सीएफएम छापलेलं असेल आणि तो 10 अँपिअर घेत असेल, तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. छापलेला आकडा बहुतेकदा मोकळ्या हवेतला असतो, समोर रेडिएटर नाही, त्याच्यापुढची एसीची जाळी, म्हणजे कंडेन्सर, नाही अशा अवस्थेतला. खरेदीच्या वेळी पंखा किती अँपिअर घेतो ते आधी विचारा, आणि दाबाच्या विरुद्ध किती हवा देतो याचा तक्ता मिळाला तर तो पाहा.

जमीन बदलली की उत्तर बदलतं

वाळूत गाडी तरंगत ठेवायला इंजिन मोठ्या फेऱ्यांवर ठेवावं लागतं. वेग फार नसतो, कधी वारा मागून येतो आणि समोरून मिळणारी हवा जवळजवळ शून्य होते, बाहेर ऊन कडक असतं. उष्णता सर्वाधिक आणि फेरेही सर्वाधिक, असा हा प्रसंग. इंजिनवरचा पंखा नेमका इथे उठून दिसतो, कारण जितकी उष्णता तितकी हवा हे त्याच्या रचनेतच आहे. इलेक्ट्रिक पंखा मात्र 1000 फेऱ्यांवर जेवढी हवा देतो तेवढीच 3500 फेऱ्यांवर देतो. लांब चढावर जड ट्रेलर ओढणं, लो रेंजमध्ये (फोर बाय फोरच्या जास्त जोराच्या, कमी वेगाच्या गिअरमध्ये) सामानाने भरलेली गाडी डोंगरावर नेणं, हे सगळं याच गटात मोडतं. लो रेंजमध्ये गाडी हळू चालत असली तरी इंजिन फिरत असतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दगडांवरून इंचाइंचाने जाणं वेगळं. तिथे इंजिन 800 ते 1200 फेऱ्यांवर असतं, कित्येक मिनिटं गाडी जागेवरच उभी असते, पुढची गाडी अडकली म्हणून वाट पाहावी लागते, एसी चालूच असतो. इंजिनाची शक्ती फारशी वापरली जात नाही, पण उष्णता साचत जाते. कमी फेऱ्यांवर व्हिस्कस पंखा मंद असतो आणि चांगला इलेक्ट्रिक पंखा त्याला सहज मागे टाकतो.

पाण्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण पंखा मोडून रेडिएटर फुटण्याचे बरेच प्रकार इथे घडतात. पाणी हवेपेक्षा 800 पटींहून अधिक घन असतं. पंखा हवा मागे ढकलतो, म्हणजे त्याच्या पात्यांवर पुढे, रेडिएटरच्या दिशेने जोर येतो. हवेत हा जोर पाती सहज पेलतात. तीच पाती फिरता फिरता पाण्यात बुडाली की जोर प्रचंड वाढतो, प्लॅस्टिकची पाती पुढे वाकतात आणि रेडिएटरच्या जाळीत घुसतात. व्हिस्कस क्लच सुटलेला असेल तर धोका कमी होतो, कारण पाण्याच्या विरोधाने पंखा जवळजवळ थांबतो. पण चढ चढून, गरम इंजिनाने, ओढ लागलेल्या क्लचसह कोणी थेट नदीत उतरला तर हा दिलासा नसतो. म्हणून पाण्याआधी काही मिनिटं थांबून इंजिन निवू द्यावं, पुढच्या जाळीवर ताडपत्री बांधावी आणि संथ, एकसारख्या वेगाने जावं, म्हणजे गाडीपुढे लाट तयार होऊन इंजिनाच्या कप्प्यात पाण्याची पातळी खाली राहते. थेट आवळलेला पंखा असलेल्या जुन्या गाड्यांत पाण्याआधी पट्टा सैल करण्याची किंवा काढण्याची रीत याच कारणाने पडली. पट्टा काढला की वॉटर पंपही थांबतो, त्यामुळे पलीकडे पोहोचताच तो परत चढवायचा.

इलेक्ट्रिक पंखा एका स्विचने बंद होतो, आणि पाणी हेच इलेक्ट्रिकचं सर्वांत मोठं बलस्थान आहे. अट अशी की तो स्विच बसवलेला असला पाहिजे. आपोआप चालणारा पंखा पाण्यात असतानाच सुरू झाला तर पाती अडतात, मोटर भरमसाट करंट खेचते आणि फ्यूज उडतो किंवा मोटर जळते. शिवाय गरम मोटर थंड पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी व गाळ आत ओढला जातो. बेअरिंग आणि ब्रश त्यानंतर लगेच मरत नाहीत, पण त्यांचं आयुष्य घटतं. नेहमी पाण्यातून जाणारी गाडी असेल तर इलेक्ट्रिक पंखा हा ठरावीक काळाने बदलायचा भाग समजा.

चिखलाचा त्रास दोघांनाही सारखाच. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत चिखल आणि गवताचं बी साठतं. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते आणि आत भिंत उभी राहिलेली असते. इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जोरदार फवारा जाळीच्या नाजूक पट्ट्या आडव्या करतो आणि मग हवेची वाट कायमची बंद होते.

अल्टरनेटरची बेरीज

इलेक्ट्रिक पंखा लावणारे बरेच जण ही बेरीज करत नाहीत, म्हणून इथे करून दाखवतो. पंखा 30 अँपिअर. 55 वॅटचे दोन हॅलोजन दिवे, मिळून 8-9. एसीचा ब्लोअर पूर्ण वेगावर 15 ते 20. इंधन पंप, इंजिनाचा संगणक, इग्निशन मिळून 10 ते 15. फ्रिज असेल तर आणखी 4-5. एकूण 70-75 अँपिअर झाले. अल्टरनेटरवर 90 अँपिअर लिहिलेलं असेल तर पुरेसं वाटतं. पण तो आकडा भरपूर फेऱ्यांवरचा असतो. आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, बऱ्याच अल्टरनेटरांचं उत्पादन त्याच्या निम्म्याच्या आसपास येतं. उरलेली भर बॅटरी घालते, आणि नेमकं दगडांवर, जिथे इलेक्ट्रिक पंखा हवा होता, तिथे इंजिन आयडलवर असतं. व्होल्टेज 13.5 वरून 12 वर घसरलं की पंख्याचे फेरेही उतरतात. त्यात विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारी मोटर) चालवली, तर ती पूर्ण ओझ्यावर एकटी 400 अँपिअरच्या आसपास खेचू शकते. त्या क्षणी पंख्याला काय उरेल याचा विचार करा.

म्हणून इलेक्ट्रिक पंख्याचा निर्णय हा मोठा अल्टरनेटर, जाड तारा आणि चांगली बॅटरी यांच्यासकट घ्यायचा असतो. आयडलवर जास्त करंट देणारा अल्टरनेटर निवडा. कमाल आकडा त्यानंतर बघा.

श्राउड: ज्याकडे कोणाचं लक्ष नसतं

पंख्याभोवतीचं कडं, म्हणजे श्राउड, तुटलं म्हणून काढून टाकलेल्या गाड्या बऱ्याच दिसतात. त्यातल्या कित्येकांच्या मालकांना पंखा बदलायचा असतो, खरं तर श्राउड परत बसवलं तरी काम होईल. पंखा हवा सर्वांत सोप्या वाटेने ओढतो. श्राउड नसेल तर तो इंजिनाच्या कप्प्यातलीच गरम हवा कडेने घेऊन घुसळत बसतो आणि रेडिएटरचे कोपरे रिकामे राहतात.

इंजिनवरचा पंखा साधारणपणे अर्धा श्राउडच्या आत आणि अर्धा बाहेर असावा. पाती आणि कडं यांत इंजिन हलेल एवढी फट हवी, कारण इंजिन रबरी माउंटवर डोलतं आणि रेडिएटर चेसिसला बांधलेला असतो. माउंट फाटले की पंखा श्राउडला घासतो. आवाज आला की आधी माउंट बघा. इलेक्ट्रिक पंखा रेडिएटरसोबतच हलतो, म्हणून तिथे ही फट अगदी कमी ठेवता येते. तो पूर्ण जाळी झाकणाऱ्या श्राउडमध्येच बसवा. श्राउडला रबरी झडपा असल्या तर वेगात समोरची हवा त्यांतून सुटते, नाहीतर तेच श्राउड हायवेवर हवेला अडवतं. जाळीच्या आरपार प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा बांधायची पद्धत ऑफ-रोड गाडीत वापरू नका. हादऱ्यांनी त्या पट्ट्या नळ्यांना घासतात आणि कूलंट गळू लागतं.

पंखा शक्यतो रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा असावा. पुढे लावलेला, हवा ढकलणारा पंखा स्वतःच वाट अडवतो. त्याची जागा मदतनीसाची. रेडिएटरच्या कडांना आणि वरच्या पट्टीला फोम किंवा रबर लावून फटी बंद करा. हळू चालताना गरम हवा त्या फटींतून पुढे जाऊन पुन्हा आत शिरते आणि कोणताही पंखा लावला तरी काटा खाली येत नाही.

मग काय निवडायचं

गाड्या बनवणाऱ्यांनी दोन्ही उत्तरं दिली आहेत. टोयोटा लँड क्रूझर 70 मालिकेतली डिझेल इंजिनं व्हिस्कस पंख्यावर चालत आली. जीप रँग्लरच्या 1997 ते 2006 च्या टीजे मॉडेलमध्ये 4.0 लिटर इंजिनावर व्हिस्कस पंखा होता, त्यानंतरच्या जेके मॉडेलमध्ये इलेक्ट्रिक आला. जुन्या जीप चेरोकी एक्सजेमध्ये 4.0 लिटर इंजिन आणि एसी असेल तर दोन्ही शेजारी-शेजारी सापडतात: मुख्य पंखा इंजिनवर आणि जोडीला एक इलेक्ट्रिक.

माझं मत असं: गाडी व्हिस्कस पंख्यासह आलेली असेल, उष्ण प्रदेशात, वाळूत किंवा जड ओझ्याने चालत असेल, तर तो पंखा काढू नका. चांगल्या प्रतीचा नवा क्लच, शाबूत श्राउड, स्वच्छ रेडिएटर आणि योग्य दाबाचं झाकण यांवर खर्च करा. क्लच बदलताना नटाचे आटे उलटे आहेत की सुलटे ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहून घ्या, काही इंजिनांत ते उलटे असतात. नवा पंखा घ्यायचा असेल तर पंप कोणत्या दिशेने फिरतो तेही बघा, कारण पट्ट्याच्या मांडणीनुसार ही दिशा बदलते आणि उलट पात्यांचा पंखा नीट हवा ओढत नाही. आयडलवर आणि एसीला कमतरता जाणवत असेल तर कंडेन्सरपुढे एक छोटा इलेक्ट्रिक मदतनीस लावा. बहुतेक गाड्यांसाठी ही जोडीच मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

इलेक्ट्रिककडे पूर्ण वळायचं ते तीन प्रसंगी. खोल पाण्यातून वारंवार जावं लागतं तेव्हा. दुसरं इंजिन बसवल्यामुळे पंखा आणि रेडिएटर यांत जागाच उरली नाही, किंवा पंख्याचं केंद्र रेडिएटरच्या केंद्राशी जुळत नाही तेव्हा. आणि गाडी हलकी असून तिचा बहुतेक वेळ दगडांवर, कमी फेऱ्यांवर जातो तेव्हा.

बसवायचा ठरला तर तो अर्धवट बसवू नका. करंट रिलेतून (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचमधून) जावा, फ्यूज बॅटरीजवळ असावा, पुरवठ्याची आणि अर्थिंगची तार दोन्ही जाड असाव्यात. मोटर सुरू होताना क्षणभर चालू करंटच्या दुपटी-तिपटीने खेचते, फ्यूज आणि रिले त्या हिशोबाने निवडा. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला हवा. जाळीत खुपसायच्या काडीवर भरवसा ठेवू नये, ती हादऱ्यांनी निघते. पंखा सुरू होण्याचं तापमान थर्मोस्टॅटच्या वर ठेवा. थर्मोस्टॅट 82 अंशांना उघडायला लागत असेल, तर सुमारे 95 ला पंखा सुरू आणि 90 च्या आसपास बंद, हे ठीक असतं. थर्मोस्टॅटपेक्षा खाली ठेवलं तर पंखा कधी थांबणारच नाही. सेन्सर रेडिएटरच्या थंड बाजूला असेल तर हे आकडे आणखी खाली घ्यावे लागतील. एसीसोबत पंखा सुरू होईल अशी जोडणी करा. डॅशबोर्डवर तीन स्थितींचा स्विच हवा: आपोआप, सक्तीने चालू, सक्तीने बंद. शेजारी एक दिवा, जो पंख्याला खरोखर वीज मिळते तेव्हाच लागतो. पाण्यातून बाहेर आल्यावर स्विच परत आपोआपवर न्यायचं विसरलं जातं, आणि तो दिवा तेव्हा उपयोगी पडतो.

इलेक्ट्रिक पंखा मरतो तो अचानक. सोबत एक रिले, फ्यूज आणि थेट बॅटरीला जोडता येईल अशी फ्यूज लावलेली तार ठेवा. हा पंखा इंजिन बंद असतानाही सुरू होऊ शकतो, म्हणून बॉनेट उघडून हात घालण्याआधी स्विच बंद करा. कोणत्याही पंख्याच्या पात्याला तडा किंवा टवका दिसला तर पूर्ण पंखा बदला, चिकटवून चालवू नका. तुटलेलं पातं बॉनेट भेदून जाऊ शकतं.

काटा वर चढलाच तर वाफ येत नाही आणि कूलंट वाहत नाही तोवर इंजिन लगेच बंद करू नका. गाडी थांबवा, एसी बंद करा, हीटर पूर्ण गरम करून ब्लोअर जोरात लावा आणि न्यूट्रलमध्ये 1500 ते 2000 फेरे धरा. व्हिस्कस पंख्याच्या गाडीत त्याने पाणी आणि हवा दोन्ही वाढतात, इलेक्ट्रिकच्या गाडीत पंप आणि अल्टरनेटर जोर धरतात. वाफ किंवा गळती दिसली तर मात्र इंजिन तत्काळ बंद, आणि पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात नाही.

बदल केल्यानंतर मोहिमेवर निघण्याआधी गाडी उन्हात, एसी चालू ठेवून, दिवे लावून अर्धा तास आयडलवर उभी करा आणि बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजत राहा. ते 13 च्या खाली टिकून राहिलं तर अल्टरनेटर अपुरा आहे. मग एखाद्या लांब चढावर, पूर्ण सामानासह, लो रेंजमध्ये काटा पाहा. डॅशबोर्डवरचा मूळ काटा बऱ्याच गाड्यांत मोठ्या पट्ट्यात मध्येच स्थिर दिसेल असा केलेला असतो, त्यामुळे आकडे दाखवणारा वेगळा मापक किंवा ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) लावून ही चाचणी घ्या. चढाच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत आकडा चढतच राहिला, कुठेही स्थिरावला नाही, तर नव्या पंख्याची हवा कमी पडते आहे. जुना पंखा आणि क्लच ही चाचणी पार पडेपर्यंत टाकून देऊ नका.